घराण्यातला मधुमेह आणि ओळखीच्या गोळीची चाचणी

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड. अंबरनाथ पूर्वेला स्टेशनपासून शिवमंदिराच्या रस्त्यापर्यंत औषधाच्या कुठल्याही दुकानात चिठ्ठी पुढे केली, की दुकानदार मान वर न करता खणातून पट्टी काढतो. ही औषधे काल-परवाची नव्हेत. मेटफॉर्मिन युरोपात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड ज्या सल्फोनिलयुरिया कुळातल्या गोळ्या, त्या कुळाचा साखर उतरवण्याचा गुण 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे टायफॉइडच्या रुग्णांना वेगळेच औषध देऊन पाहताना लक्षात आला होता.

अशा जुन्या गोळीबद्दल एखाद्या मोठ्या रुग्णालयातून विचारणा होते, 'तुमच्या घराण्यातल्या मधुमेहावर ही कशी चालते ते तपासायचे आहे, भाग घ्याल का?' तेव्हा घरात दोन सूर उमटतात. एक म्हणतो, 'यात आता तपासायचे काय उरले?' दुसरा म्हणतो, 'आमच्यावर प्रयोग नकोत.' दोघांनाही सांगायची गोष्ट एकच आहे. गोळी साऱ्या जगाच्या ओळखीची असेल, पण ती तुमच्या शरीराला ओळखते की नाही हे अजून कोणी पाहिलेले नसते. पुढचे सगळे सल्ले याच एका गोष्टीतून निघतात.

2003 साली ब्रिटनमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटीशी चाचणी प्रसिद्ध केली. माणसे फक्त 36. त्यातल्या 18 जणांना एचएनएफ-वन-ए या एकाच जनुकातल्या बिघाडामुळे आलेला मधुमेह होता. उरलेले 18 नेहमीच्या टाइप टूचे, वजनाने आणि साखरेने पहिल्यांशी मिळतेजुळते. प्रत्येकाला काही आठवडे ग्लिक्लाझाइड दिली आणि काही आठवडे मेटफॉर्मिन. टाइप टूवाल्यांना दोन्ही गोळ्या साधारण सारख्याच लागू पडल्या. जनुकवाल्यांची उपाशीपोटीची साखर मेटफॉर्मिनने सरासरी 16 मिलिग्रॅमच्या आसपास उतरली आणि ग्लिक्लाझाइडने 85 च्या आसपास. म्हणजे पाच पट फरक, आणि तोही दुकानात आधीपासून असलेल्या स्वस्त गोळीने.

असे का होते, तेही समजण्यासारखे आहे. या लोकांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन असते, पण रक्तात साखर वाढल्याची खबर त्या पेशींना नीट लागत नाही. सल्फोनिलयुरिया ती खबर पोहोचायची वाट पाहत नाही, थेट पेशीला इन्सुलिन सोडायला लावते. 2006 मध्ये याच कुळातल्या ग्लिबेनक्लामाइडने आणखी मोठी बाजी मारली. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या आणि त्यामागे केसीएनजे-इलेव्हन या जनुकातला दोष असलेल्या 49 जणांना इन्सुलिनवरून गोळीवर आणायचा प्रयत्न झाला आणि 44 जणांचे इन्सुलिन सुटले. जन्मभर सुया टोचाव्या लागतील असे ज्यांच्या आईबापांना सांगितले गेले होते, ती ही मुले.

पण याच आकड्यांची दुसरी बाजू रुग्णाच्या जास्त कामाची आहे. जी गोळी पाच पट लागू पडते, ती नेहमीच्या डोसला साखर गरजेपेक्षा फार खालीही नेऊ शकते. म्हणूनच एचएनएफ-वन-ए असलेल्यांना सल्फोनिलयुरिया सुरू करताना मोठ्या माणसाच्या नेहमीच्या सुरुवातीच्या डोसचा चौथा हिस्सा देतात. हा लेख वाचून कोणी स्वतःच गोळी बदलायला निघाला, तर त्याने लेख अर्ध्यातच सोडला असे मी समजेन.

आधी घराणे, मग गोळी

'आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर आहे' हे वाक्य आपल्याकडे इतके सर्रास ऐकू येते, की त्यातून काहीच कळत नाही. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. इतक्या लोकांना असेल, तर बापाला आणि मुलाला दोघांनाही असणे यात नवल नाही. शिवाय आपल्याकडे टाइप टू पाश्चात्त्यांच्या मानाने लवकर आणि कमी वजनातही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपली बाळे जन्मतःच दिसायला बारीक असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे 'तरुण आहे, सडपातळ आहे, घरात आहे' एवढ्यावरून एका जनुकाचा मधुमेह ठरत नाही. या मधुमेहाची शक्यता सांगणारी, युरोपातल्या लोकांवरून बसवलेली ऑनलाइन गणिते आपल्या माणसांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मग शंका कधी घ्यायची? पंचविशीच्या आत मधुमेह सापडला, आई किंवा वडील यांपैकी एकाला तो होता, त्यांच्याही आई-वडिलांपैकी एकाला होता, आणि ही रांग एकाच बाजूने सरळ खाली उतरत आली आहे, तेव्हा. आईकडून चालत आला असेल तर आईकडूनच, वडिलांकडून असेल तर वडिलांकडूनच. अशा घरात प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून भावंडांपैकी साधारण अर्ध्यांना असतो आणि अर्धी मोकळी सुटतात. या प्रकाराला डॉक्टर एम-ओ-डी-वाय म्हणतात. ही अक्षरे फाइलवर दिसली तर दचकू नका.

आणखी काही खुणा आहेत. टाइप वन म्हणून इन्सुलिन सुरू झाले, पण चार-पाच वर्षांनंतरही अगदी थोड्या इन्सुलिनवर भागते, एखादा डोस चुकला तरी माणूस गंभीर आजारी पडत नाही. रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही लघवीत साखर सापडते. घरात कोणाच्या मूत्रपिंडात गाठी आहेत. जन्मतः एखादे बाळ नेहमीपेक्षा फार मोठे होते आणि पहिल्या दिवसांत त्याची साखर पडली होती. मधुमेह आणि तरुणपणी येणारा बहिरेपणा आईच्या वंशातून दोन्ही मिळून उतरत असतील, तर ती निराळीच जात. त्यात मेटफॉर्मिन टाळतात, म्हणून त्या घराने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला असेल, तर वरच्या कुठल्याही खुणेची वाट न पाहता जनुक तपासणी करायची असते.

जीसीके या जनुकाचे प्रकरण तर वेगळेच. यात उपाशीपोटीची साखर जन्मापासून थोडी चढी, शंभर ते एकशे पंचेचाळीसच्या दरम्यान, वर्षानुवर्षे तिथेच अडून राहते. गर्भारपण सोडले तर बहुतेकांना औषधच लागत नाही. अशी कितीतरी माणसे गोळ्या खातात आणि साखर हलत नाही म्हणून डोस वाढवून घेतात. असा कोणी चाचणीत शिरला, तर त्याच्यावर गोळी 'चालली नाही' हे आधीच ठरलेले असते. ज्या घरात तिघा-चौघांची साखर वर्षानुवर्षे 120 च्या आसपास आहे आणि कोणालाही काही त्रास नाही, त्या घराने चाचणीचा विचार करण्याआधी हीच शक्यता तपासून घ्यावी.

आता घरी बसून एक काम करा. मोठ्या कागदावर तीन पिढ्यांचा तक्ता काढा. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, मधुमेह असेल तर आत रंग भरा. प्रत्येकाच्या खाली लिहा: कितव्या वर्षी कळले, तेव्हा अंगाने कसे होते, सुरुवातीला गोळी की इन्सुलिन, इन्सुलिन केव्हा लागले, कशाने गेले. आई-वडील नात्यातले असतील, मामेबहीण-आतेभाऊ असे लग्न झालेले असेल, तर तेही लिहा. काही दुर्मीळ प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नाने ती शक्यता वाढते.

या तक्त्याला आपल्या भागात अडचणी येतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांच्या घरी फॅक्टरीच्या दवाखान्याची जुनी पुस्तके, केसपेपर जपलेले असतील. ते अगोदर बाहेर काढा, त्यात साखरेचा पहिला आकडा तारखेसह सापडू शकतो. कोकणातून किंवा खानदेशातून आलेल्यांनी गावच्या चुलत्याला फोन करावा; 'आजी कशाने गेली' याला 'म्हातारपणाने' हे उत्तर मिळाले, तर 'शेवटी पाय सुजले होते का, नजर गेली होती का' असे विचारा. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांची गोष्ट आणखी कठीण. 1947 नंतर सिंधमधून उठून कल्याण कॅम्पात आलेल्या पिढीचे कागद तिकडेच राहिले. कराची-शिकारपूरच्या पणजोबांना काय होते, ते आता घरातल्या सर्वांत वृद्ध बाईच्या आठवणीवरच आहे, म्हणून हे विचारणे लांबणीवर टाकू नका. तक्त्यातली एखादी जागा रिकामी राहिली तर राहू द्या. अंदाजाने भरलेला रंग रिकाम्या जागेपेक्षा जास्त घोळ घालतो.

एक राग इथेच काढून घेतो. वीस वर्षांच्या सडपातळ मुलीला शुगर निघाली, की शेजारीपाजारी 'चॉकलेटे खाल्ली असतील' म्हणतात आणि आईदेखील मनात तेच धरून बसते. एका जनुकाच्या मधुमेहात चॉकलेटाचा काही संबंध नसतो. त्या मुलीच्या हातून काही चुकलेले नाही, आणि तिच्या आईच्याही.

तपासण्या कुठे, कोणत्या क्रमाने

लगेच जनुक तपासणीकडे धावू नका. आधी दोन साध्या रक्ततपासण्या असतात. सी-पेप्टाइडने शरीर स्वतःचे इन्सुलिन अजून बनवते का ते कळते. जीएडी वगैरे अँटिबॉडीज टाइप वनकडे बोट दाखवतात. सी-पेप्टाइड बऱ्यापैकी आणि अँटिबॉडीज नाहीत, असे निघाले तरच जनुक तपासणीला अर्थ येतो. साखर, तीन महिन्यांची सरासरी, किडनीच्या साध्या तपासण्या यांसाठी मुंबई गाठायची गरज नाही. अंबरनाथचे छाया रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर पुरेसे आहेत. अंबरनाथला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. जनुकाच्या शंकेसाठी मात्र हार्मोन्सच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोक्रिनोलॉजिस्टकडे जायला हवे. परळच्या केईएम रुग्णालयात त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. देशपातळीवर या विषयात सर्वांत जुने आणि सातत्याचे काम चेन्नईच्या मद्रास डायबिटिस रिसर्च फाउंडेशनचे, डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेचे आहे. एका जनुकाच्या मधुमेहाची देशभरातल्या रुग्णांची नोंदवही तिथे ठेवली जाते. तुमचे डॉक्टर तिथे लिहून विचारू शकतात.

जनुक तपासणीला थोडेसे रक्त लागते आणि काही हजार रुपये. रिपोर्ट मात्र नेहमीच्या रिपोर्टासारखा 'आहे' किंवा 'नाही' असा येईलच असे नाही. तिसरे उत्तर येते: जनुकात बदल सापडला, पण तो अपायकारक आहे की निरुपद्रवी, हे आज सांगता येत नाही. आपल्याकडे हे उत्तर जास्त मिळते, कारण ज्या जागतिक संग्रहांशी तुलना करतात त्यांत भारतीय माणसे कमी आहेत. 10,000 भारतीयांच्या जनुकांचा जीनोम इंडिया प्रकल्पाचा संग्रह जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुला झाला, त्याने हळूहळू फरक पडेल. असा तिसरा रिपोर्ट हातात असताना कोणी 'तुमचे जनुक सापडले, आता गोळी बदलू' म्हणाले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. अनेकांच्या रिपोर्टात काहीच सापडत नाही, हेही सांगायला हवे. काही सापडले नाही याचा अर्थ घराण्याचा मधुमेह नाही असा होत नाही. 2018 साली चेन्नईच्या याच संस्थेने अशा दक्षिण भारतीय रुग्णांत, पूर्वी या यादीत नसलेल्या एनकेएक्स-सिक्स-वन या जनुकातले बदल नोंदवले होते. म्हणजे यादी अजून वाढतेच आहे.

चाचणी खरी आहे का, हे घरबसल्या कसे पाहाल

औषधाची कुठलीही खरी चाचणी भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया, म्हणजे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ही नोंदवही 2007 साली सुरू झाली, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि 1 एप्रिल 2018 पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. तिचे संकेतस्थळ कोणालाही फुकट पाहता येते. तुम्हाला विचारणाऱ्या डॉक्टरांकडून सीटीआरआयचा क्रमांक मागून घ्या आणि मुलाला किंवा मुलीला फोनवर शोधायला सांगा. त्या पानावर औषध कोणते, कोणाला घेणार, कोणाला नाही, कोणकोणत्या रुग्णालयांत, कुठल्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली, भरती चालू आहे की संपली, हे सगळे असते. क्रमांक विचारल्यावर समोरचा अडखळला, तर तिथेच थांबा.

जुन्या औषधाच्या बाबतीत एक बारकावा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. 2019 च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार, बाजारात आधीच परवानगी असलेले औषध एखाद्या नव्या उपयोगासाठी निव्वळ अभ्यास म्हणून तपासायचे असेल, तर त्याला दिल्लीच्या औषध नियंत्रकाची वेगळी परवानगी लागत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र लागतेच. घराण्यातल्या मधुमेहावरच्या अशा बऱ्याच चाचण्या या 'अकॅडमिक' प्रकारात मोडतात. त्यात वावगे काहीच नाही. एक्सेटरसारखी कामे अशीच होतात, कारण पन्नास वर्षांच्या जुन्या गोळीवर पैसा लावायला कंपनी कशाला येईल? पण अशा वेळी तुमच्यावर लक्ष ठेवणारी संस्था मुख्यतः रुग्णालयाची एथिक्स कमिटी असते. म्हणून तिच्या सचिवांचा फोन नंबर संमतिपत्रावर आहे का ते बघा, आणि तो वहीत उतरवून घ्या.

संमतिपत्र मराठीत मागा. घरात सिंधी किंवा हिंदी वाचणारे असतील तर त्या भाषेत मागा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी, चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे राहते. घाई कोणी करत असेल तर 'घरी नेऊन वाचतो' म्हणा. खऱ्या चाचणीत याला कोणाची हरकत नसते.

त्या कागदात सगळ्यात आधी काय शोधायचे? फायद्याची यादी सगळेच वाचतात. तुम्ही आधी हे वाचा: साखर पडली तर काय, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, आणि औषधाने इजा झाली तर उपचारांचा खर्च कोणाचा. चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई याबाबत नियम आहेत. तुमच्या चाचणीत ती जबाबदारी कोण घेते आहे ते नावानिशी लिहिलेले हवे. चाचणीतले औषध आणि तपासण्या यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागायला लाजू नका, ते मिळू शकते. कंत्राटी कामगाराची एक दिवसाची हजेरी बुडणे ही लहान गोष्ट नाही.

मग चाचणीची रचना समजून घ्या. अशा आजारात माणसे कमी असतात, म्हणून बहुधा 'आलटून पालटून' पद्धत असते: प्रत्येकाला काही आठवडे एक औषध, मध्ये मोकळे दिवस, मग दुसरे. डेन्मार्कमध्ये एचएनएफ-वन-ए असलेल्या 16 जणांवर 2014 साली प्रसिद्ध झालेली चाचणी अशीच होती. सहा आठवडे ग्लिमेपिराइड, सहा आठवडे लिराग्लुटाइड, म्हणजे रोज घ्यायचे इंजेक्शन. कोणते खरे ते रुग्णाला कळू नये म्हणून प्रत्येकाने गोळी आणि सुई दोन्ही घेतली, त्यातले एक पोकळ. साखर दोन्हींनी उतरली. पण साखर खाली जाण्याचे प्रसंग ग्लिमेपिराइडच्या काळात 18, तर लिराग्लुटाइडच्या काळात 1. ही चाचणी एवढ्यासाठी सांगितली, की 'साखर किती उतरली' याइतकाच 'किती वेळा पडली' हा प्रश्नही अशा औषधांत मोलाचा असतो. तुमच्या चाचणीत तो मोजणार आहेत का, ते विचारा. मोकळ्या दिवसांत, म्हणजे कुठलेच औषध नसताना, साखर किती वाढू देणार आणि कुठल्या आकड्याला हस्तक्षेप करणार, हेही विचारा.

तुमचे नेहमीचे औषध बंद करणार असतील, तर ते कोणाच्या सल्ल्याने आणि किती दिवस? इन्सुलिन अचानक बंद करणे टाइप वनमध्ये जिवावर बेतू शकते. म्हणून रिपोर्टात जनुकाचा दोष पक्का झाल्याशिवाय इन्सुलिन थांबवायला कोणीही, घरातल्या जाणत्यानेही, सांगू नये.

अंबरनाथहून चाचणीला जाताना

उपाशीपोटी रक्त द्यायला परळला जायचे म्हणजे पहाटेची गाडी आणि तासाभराहून जास्त प्रवास, तोही रात्रीपासून उपाशी. त्या सकाळी गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशी चाचणीच्या समन्वयकाला विचारून लिहून घ्या. सल्फोनिलयुरियाची गोळी घेतली आणि पोट रिकामे राहिले, तर साखर डब्यातच पडेल. घाम, हातपायांचा कंप, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे गर्दीच्या डब्यात गर्दीचाच त्रास म्हणून दुर्लक्षित राहतात. ग्लुकोजची पुडी बॅगेत ठेवू नका, कारण बॅग रॅकवर असते आणि रॅकपर्यंत हात पोहोचत नाही. ती शर्टाच्या खिशात किंवा ओढणीच्या टोकाला हवी. साखर 70 च्या खाली गेली किंवा तशी लक्षणे वाटली, की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर पोळी-भाजी किंवा बिस्किटे असे काही तरी नक्की खा. या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, त्यामुळे एकदा वर आलेली साखर पुन्हा खाली येऊ शकते. सोबतच्या माणसाने त्या दिवशी तुम्हाला एकटे झोपू देऊ नये.

आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी संमतिपत्र भरतानाच पाळ्यांचे वेळापत्रक सांगावे. प्रेस मशिनवर उभ्या असलेल्या माणसाची साखर पडणे आणि ऑफिसात बसलेल्याची पडणे यांत हाताच्या बोटांइतका फरक आहे. गोळीची वेळ जेवणाशी बांधायची असते, घड्याळाशी नाही. पाळी बदलली की ती कशी सरकवायची, हे लिहून घ्या.

उपवासांचे तर आधीच सांगून टाका. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र आणि आपल्याकडे महाशिवरात्रीची अंबरेश्वराची जत्रा. त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उपाशी उभे राहायचे आणि सकाळची गोळी मात्र चुकवायची नाही, हे एकत्र चालत नाही. 'उपवास करू नका' एवढेच सांगून मोकळा होणारा डॉक्टर मला पुरेसा वाटत नाही. उपवासाच्या दिवशी डोस काय, साबुदाणा-वरी खाल्ल्यावर साखर किती वर जाते, हे मोजून ठरवायचे असते, आणि चाचणीत ते मोजण्याची सोय असते. तिचा फायदा घ्या. रोज्यांच्या महिन्यात मुस्लिम कुटुंबांनाही हेच लागू.

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, मोजून परत द्यायच्या असतात. रोजची साखर वहीत लिहा. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर 'चुकली' असे लिहा, संशोधकाला वाईट वाटेल म्हणून खाडाखोड करू नका. आणि चाचणीतली गोळी घरात कोणालाही देऊ नका. 'त्यालाही तेच आहे' हे भावाच्या बाबतीत खरे असेलही, पण निम्म्या भावंडांत तो दोष नसतो हे वर सांगितले आहेच.

घराण्याच्या रिपोर्टाचे आणखी एक ओझे असते, त्यावर उघड बोलायला हवे. एकाच्या रक्तातून सगळ्या भावंडांबद्दल, त्यांच्या मुलांबद्दल काही तरी कळते. लग्न ठरायच्या वयाची मुलगी घरात असेल, तर ही बातमी बाहेर कशी जाईल याची धास्ती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. संमतिपत्रात विचारा: रिपोर्ट कोणाकोणाला दिसणार, नाव काढून क्रमांक घालणार का, उरलेले रक्त पुढच्या संशोधनाला ठेवणार का, आणि ते नको असेल तर तसे वेगळे लिहिता येईल का. भावंडांना सांगायचे की नाही हा निर्णय तुमचा, पण सही करण्याआधी त्यांच्याशी एकदा बोलून घेतलेले बरे. गर्भधारणेचा विचार असेल तर तोही आधीच सांगा. बहुतेक चाचण्यांत गर्भवतींना घेत नाहीत, आणि चाचणी चालू असताना दिवस गेले तर काय करायचे, हे कागदात लिहिलेले असते.

लहान मुलांना चाचणीत घ्यायचे असेल तर आई-वडिलांची सही लागतेच, पण सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. मूल 'नको' म्हणाले तर ते गंभीरपणे घ्या.

मधूनच बाहेर पडायचे असेल तर पडता येते, कारण द्यावे लागत नाही, आणि तुमचे त्या रुग्णालयातले नेहमीचे उपचार त्यावरून थांबवता येत नाहीत. फक्त गोळी एकाएकी सोडू नका. फोन करून 'मी थांबतो' म्हणा आणि जुने औषध कसे परत सुरू करायचे ते विचारा.

चाचणी संपल्यावर दोन कागद मागून घ्या. एक, तुम्हाला कोणत्या काळात कोणते औषध कोणत्या डोसमध्ये दिले गेले, याची नोंद; 'आंधळी', म्हणजे कोणते औषध ते लपवलेली चाचणी असेल तर ते उलगडल्यावर मिळेल. दुसरा, जनुक तपासणीचा मूळ रिपोर्ट, त्यातल्या बदलाच्या पूर्ण नावासकट. हे दोन्ही कागद अंबरनाथच्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि पुढची चिठ्ठी त्यांच्याकडून लिहून घ्या. आज अर्थ न लागलेला बदल दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासला, तर निकाल बदलू शकतो. म्हणून रिपोर्टावरचा प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक घरातल्या तक्त्यावर, तुमच्या चौकोनाच्या किंवा गोलाच्या खाली लिहून ठेवा.